अक्कांनी खोडलेला रकाना

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोरमंगल्याच्या ऑफिसात दिवसाच्या कामांची यादी करत होते. शेवटची ओळ लिहून झाली होती: 'संध्याकाळी अक्का.' हृदयविकाराचा झटका, सकाळीच... ती ओळ मी अजून खोडलेली नाही.

सुशीलाअक्का माझ्या मोठ्या नणंद. चामराजपेटेतल्या एका लहानशा लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर गल्लीतले लोक रिपोर्ट घेऊन घरीच येऊ लागले. अक्कांचा नियम एकच होता: आधी खायचं, मग लिफाफा उघडायचा. उपाशीपोटी कुणालाही त्या आकडा सांगायच्या नाहीत.

चार वर्षांपूर्वी माझ्या थायरॉइडच्या अँटीबॉडी मर्यादेच्या कितीतरी पट निघाल्या. टीएसएच ठीक होता. डॉक्टर म्हणाले, वर्षाने टीएसएच करून या. मला वर्ष फार लांब वाटलं. वहीत रकाना आखून मी दर दोन महिन्यांनी अँटीबॉडीच तपासू लागले. आकडा उतरला की हलकं वाटे, चढला की थायरॉइडला वाईट म्हणून घरात कोबी बंद. पाचव्या वेळी तो दुप्पट झाला, तेव्हा बेळगावला बहिणीच्या मुलीच्या लग्नाला जायचं मी रद्द केलं आणि वही घेऊन अक्कांकडे गेले.

माझं उप्पीट संपेपर्यंत त्यांनी वहीला हात लावला नाही. मग वही चाळून म्हणाल्या, "वंदना, यात टीएसएच कुठाय?"

"तो नॉर्मलच येतो, म्हणून लिहिला नाही."

"शाणी आहेस. अगं, अँटीबॉडी म्हणजे शरीराचं त्या ग्रंथीशी वाकडं आहे, एवढंच. ते एकदा कळलं, पुरे. ग्रंथी काम करते का, ते टीएसएच सांगतो. हा आकडा स्वल्प इकडेतिकडे होणारच."

"दुप्पट झालाय, अक्का."

"होऊ दे. लग्नाचं आमंत्रण त्याला आहे का तुला?"

पेन्सिल घेऊन त्यांनी माझा रकाना वरपासून खालपर्यंत खोडला आणि शेजारी लिहिलं: 'टीएसएच, वर्षातून एकदा. थकवा किंवा गळ्याला सूज वाटली तर लगेच.' मी लग्नाला गेले, चार दिवस राहिले.

दोन वर्षांनी टीएसएच खरंच वर सरकला आणि रोज सकाळची एक गोळी सुरू झाली. "सरी," म्हणजे बरं, एवढंच अक्का म्हणाल्या आणि माझ्यापुढे बशी सरकवली.

परवा यंदाचा रिपोर्ट फोनवर आला. मी वही काढली, पेन्सिलीच्या त्या ओळीखाली तारीख घातली. फोन तसाच पालथा ठेवला आणि आधी उप्पिटाचा रवा भाजायला घेतला.