मीठ खाल्लं म्हणायचं होतं

कमलाकरराव आठल्ये एकाहत्तराव्या वर्षी चिनी भाषा शिकायला गेले, यावर साउथहॅम्प्टनच्या मराठी मंडळात बरेच दिवस चर्चा चालली. आयुष्यभर याच शहरात बस चालवलेला माणूस. इंग्रजीसुद्धा यांनी बस चालवण्यापुरतंच शिकून घेतलं, असं त्यांची बायको मधुमती चारचौघांत म्हणायची. आता मधुमती नव्हती, त्यामुळे चिडवायलाही घरात कुणी नव्हतं. म्हातारचळ लागला, असं मंडळाने ठरवून टाकलं.

चळबिळ काही नव्हतं. त्यांना त्यांची नात हवी होती.

मायरा नऊ वर्षांची. तिचा बाप, म्हणजे कमलाकररावांचा एकुलता एक सुश्रुत, दोन वर्षांपूर्वी दुसरा संसार थाटायला दुबईला निघून गेला तो गेलाच. मायराची आई लिन चिनी, हॉस्पिटलात नर्स. मुलीला सांभाळायला तिने आपल्या आईला चीनहून बोलावून घेतलं. आईच्या आईला चिनीत लाओलाओ म्हणतात, म्हणून सगळ्यांचीच ती लाओलाओ. दर शनिवारी कमलाकरराव त्यांच्याकडे जायचे, नातीशी मराठीत गप्पा मारायचे, जेवायचे आणि परत यायचे. आठवड्यातला तेवढाच एक दिवस ते दाढी करत.

आता लिनला मँचेस्टरला नोकरी लागली होती. घर बदलणार, शाळा बदलणार.

"मग मी तिकडे येत जाऊ ना? सुट्टीत वगैरे?" त्यांनी विचारलं.

लिन इंग्रजीत बोलायची, त्यात 'बाबा' तेवढं मराठी. "बाबा, माझी ना नाही," ती खाली बघत म्हणाली. "पण घर आईच्या जिवावर चालतं. तिला चाललं पाहिजे."

आणि तिला चालत नव्हतं. लाओलाओला इंग्रजीचं अक्षर येत नसे, पण त्यावाचून तिचं अडलंही नव्हतं. ज्याच्या मुलाने आपल्या लेकीला वाऱ्यावर सोडलं, त्या माणसाच्या तोंडाकडे ती बघतच नसे. पहिल्या शनिवारी तिने पोर्क घातलेले डंपलिंग्ज पुढे ठेवले, तेव्हा शाकाहारी आठल्यांनी हात जोडून बशी मागे सारली. त्यानंतर दर शनिवारी त्यांच्यापुरता वेगळा टोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, असे. मऊ, वाफवलेला, वर आलं आणि कांद्याची पात. वाडगा ती टेबलावर आपटायची, पण द्यायची.

म्हणून तो क्लास. लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर, शिकवायला वेन नावाची चटपटीत मुलगी. एका बुधवारी तिने फळ्यावर एकच अक्षर काढलं आणि उच्चार करून दाखवला. कमलाकररावांना हसू आवरेना. छी! आपल्याकडे पोराने जमिनीवरचं काही तोंडात घातलं की आपण म्हणतो, छी, टाक ते. आणि यांच्यात छी म्हणजे खाणं. मग त्या एका अक्षराला वेन शब्द जोडत गेली. छी-खू, कडू खाणं, म्हणजे हाल सोसणं. छी-त्सू, व्हिनेगर खाणं, म्हणजे प्रेमात जळफळणं. छी-ख्वे, तोटा खाणं, म्हणजे दुसऱ्यापायी आपलं नुकसान होणं.

कमलाकररावांना घबाड सापडल्यागत झालं. अहो, ही तर आपलीच भाषा! आपण मार खातो, शिव्या खातो, भाव खातो, लोकांचं डोकं खातो, पाण्यात गटांगळ्या खातो आणि आयत्या वेळी कच खातो. एवढं सगळं पोटात घालणारी माणसं जगात आणखी कुठे असतील असं त्यांना वाटलंच नव्हतं. बाकीचे विद्यार्थी मुकाट लिहून घेत होते आणि आमचे आठल्ये एकटेच जावयासारखे ऐसपैस मान डोलावत होते. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच.

परतताना बसमध्येच त्यांचं वाक्य जुळलं. मी तुमचं मीठ खाल्लंय, कधी विसरणार नाही. आपल्याकडे याहून मोठं वचन नाही. पण लाओलाओने त्यांना नुसतं मीठ कुठे वाढलं होतं? वाढला होता टोफू. मग टोफूच म्हणू, त्यात काय! छी-तौफू, शब्दही सोपा. वेनला एकदा विचारून घ्यावं, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

शनिवारी जेवणं झाली. कमलाकरराव उठले, हात जोडले आणि लाओलाओकडे बघून स्वच्छ चिनीत म्हणाले, "मी तुमचा टोफू खाल्ला. मी ते कधी विसरणार नाही."

लाओलाओने प्रथमच त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. चॉपस्टिक्स टेबलावर टाकून तिने मायराला दंडाला धरून आत नेलं. आतून चढ्या आवाजात काहीतरी ऐकू आलं आणि दार बंद झालं.

"काय चुकलं?" त्यांनी विचारलं.

लिनने त्यांचा कोट आणून हातात दिला. "बाईचा टोफू खाणं म्हणजे तिच्या अंगचटीला जाणं. तिचा फायदा घेणं." ती दारापर्यंत आली. "तुम्हाला तसं म्हणायचं नव्हतं, मला कळतं. पण आई काय म्हणाली सांगू? मुलगा खाऊन गेला, आता बाप आभार मानायला आलाय. मिस्टर आठल्ये, पुढचे शनिवार नकोत."

मिस्टर आठल्ये! तो शब्द त्यांना टोफूपेक्षा जास्त लागला.

ते चालत घरी आले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, यावर एखाद्याला हसू आलं असतं. त्यांना येईना, कारण चुकून का होईना, वाक्य खरं होतं. सुश्रुत पुन्हा शिकत होता तेव्हा लिन नाइट ड्यूट्या करत होती. तिचं मीठ खाऊन तो निघून गेला आणि त्या मिठाला जागला नाही. बापाने त्याला जाब विचारला नव्हता. विचारलं तर हा फोन करायचा थांबेल, अशी भीती होती. न विचारताही तो थांबलाच. मंडळात कुणी सुश्रुतची चौकशी केली की ते म्हणत, "मजेत आहे, परवाच बोललो." एवढं खोटं बोलून ते विषय बदलत.

सामान जाण्याच्या दिवशी ते बोलावणं नसताना गेले. दाराशी व्हॅन उभी. लाओलाओ एका खोक्यावर बसली होती, बाजूला मायरा. कमलाकरराव समोर उभे राहिले. या वेळी हात जोडले नाहीत, वाक्यही सजवलं नाही.

"लिन छी-ख्वे," ते म्हणाले. लिनने तोटा खाल्ला. मग पुढचे शब्द सुचतील तसे, "मुलगा माझा. लाज माझी."

लाओलाओने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग मायराला काहीतरी म्हणाली.

"आजोबा," मायरा म्हणाली, "लाओलाओ विचारते, सुश्रुत तुम्हाला फोन करतो का?"

दोन वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी असा सरळ विचारला नव्हता. 'मजेत आहे' ओठांवर आलं होतं. पण समोरच्या म्हातारीला ते सांगवेना.

"नाही गं," ते म्हणाले. "नाही करत."

मायराला भाषांतर करावं लागलं नाही. लाओलाओने मान हलवली आणि हळू आवाजात दोनच शब्द बोलली. त्यातला छी त्यांना ओळखू आला.

"ती म्हणते, तुम्ही पण कडू खाल्लं," मायरा म्हणाली.

कमलाकरराव भररस्त्यात रडले. मधुमती गेली तेव्हाही ते असे रडले नव्हते.

व्हॅनचं दार लागलं. लाओलाओ उठली, लिनजवळ जाऊन जरा रागातच काहीतरी पुटपुटली आणि गाडीत जाऊन बसली. लिन चकित झाली, मग कमलाकररावांकडे वळली.

"बाबा," ती म्हणाली, "आई म्हणते, टोफू मँचेस्टरलाही मिळतो."