बिअरचे चार शनिवार

पहिल्या शनिवारी दुपारी मी डमडमच्या मेट्रो स्टेशनावर उभा होतो, तो मोहिमेवर निघालेल्या सरदाराच्या आवेशात. अंगावर कडक इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री, पिशवीत बायकोने भरून दिलेली पाण्याची बाटली. मोहीम होती कलकत्त्यात चांगली बिअर शोधण्याची. हसू नका. आमच्या संसाराचा पुढचा मुक्काम या शोधावर ठरणार होता.

त्याचं असं झालं. दीड वर्षापूर्वी बँकेने माझी पुण्याहून इथे बदली केली. आता, परत जायचं असेल तर ऑक्टोबरअखेर अर्ज द्या, असं कळवलं. मला जायचं होतं. वृंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, राहायचं होतं. तिने गल्लीतल्या बायकांबरोबर कांथा (जुन्या साड्यांचे थर लावून शिवतात ती इकडची गोधडी) शिवायला घेतला होता आणि तो निम्माच झाला होता. शिवाय ती बाजारातल्या मासेवालीशी बंगालीत हुज्जत घालू लागली होती. आम्ही मासे खात नाही, ही गोष्ट वेगळी.

"तुला इथलं नक्की काय आवडत नाही, ते एकदा सांग तरी," एका रात्री जेवताना ती म्हणाली.

खरं उत्तर माझं मलाच माहीत नव्हतं. म्हणून मी छातीवर हात ठेवून, नाटकात शोभेल असा उसासा टाकून म्हणालो, "इथे बिअर चांगली मिळत नाही."

पुण्यात दर शनिवारी दुपारी आम्ही तिघे मित्र एका छोट्या ब्रुअरीत जमायचो. तिथली गव्हाची बिअर, ढगाळ रंगाची, लवंगेचा पुसटसा वास असलेली. एक ग्लास दीड तास पुरवायचा आणि तेवढ्या वेळात जगातल्या यच्चयावत माणसांची टिंगल करून घ्यायची, असा आमचा परिपाठ होता.

"एवढंच ना?" वृंदाने ताक ओतता ओतता निकाल दिला. "चार शनिवार देते. तशी बिअर मिळाली तर अर्ज करायचा नाही. नाही मिळाली तर मी मुकाट्याने सामान बांधीन."

पैज न्याय्य होती. एकच बारीकशी फट होती. खेळणारा मीच आणि पंचही मीच.

पहिला शनिवार पार्क स्ट्रीटवर गेला. जुनं रेस्टॉरंट, उंच छत, पांढऱ्या कोटातले वयस्कर वेटर. बिअर कुठली आहे असं विचारल्यावर वेटर अदबीने वाकून म्हणाला, "ठंडा है, सार." त्याच्या दृष्टीने तो प्रश्न तिथेच मिटला होता. आलेली बाटली खरोखरच थंड होती. तिच्याविषयी याहून जास्त काही लिहिता येणार नाही. सोबतचं फिश फ्राय पलीकडच्या टेबलावर इतकं सुंदर दिसत होतं, की क्षणभर मला माझ्या पूर्वजांचा राग आला.

दुसऱ्या शनिवारी सॉल्ट लेकमधला एक चकचकीत मॉल. तिथे काचेआड तांब्याच्या टाक्या होत्या, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली आयटीतली तरुण मंडळी होती, आणि गाण्याचा असा दणदणाट होता की मला ऑर्डर खुणांनी द्यावी लागली. खुणांनी मागितलेली बिअर आंब्याची निघाली. आमरसात सोडा घालावा तशी. मी अर्धा ग्लास तसाच ठेवून प्रसन्न चित्ताने घरी आलो.

"दोन झाले," मी दारातूनच घोषणा केली. वृंदा कांथ्यात टाका घालत होती. वर न बघता म्हणाली, "हं."

तिसऱ्या शनिवारी पावसाने गाठलं. रवींद्र सरोवर स्टेशनाबाहेर छत्री उलटी झाली, तिच्या मागे पळता पळता एका गल्लीत शिरलो आणि जागच्या जागी थांबलो. वास येत होता. उन्हाळ्यात कुरडयांसाठी गव्हाचा चीक शिजवतात, अगदी तो वास. डमडमपासून इथवर येऊन मी थेट आमच्या आत्याच्या स्वयंपाकघरात पोचलो होतो.

वास एका जुन्या दुमजली घराच्या तळमजल्यातून येत होता. आत सहा टेबलं, मागे चार टाक्या, आणि गमबूट घालून एका वाफाळत्या भांड्यात लांब दांड्याचं फावडं फिरवणारी चाळिशीची एक बाई. ती मौशुमी. पूर्वी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची, आता बिअर बनवते. मी भिजलेल्या अवस्थेत, उलटी छत्री हातात धरून विचारलं, "गेहूँ का है?"

"दादा, पहले बैठिए," ती म्हणाली. "बियर भाग नहीं जाएगा."

रिकामी जागा एकाच टेबलावर होती. तिथे तपनबाबू बसले होते. रेल्वेतून निवृत्त, मिशा पांढऱ्या, समोर मुरीची (कुरमुऱ्यांची) वाटी. ग्लास आला. ढगाळ रंग, वर दाट फेस, आणि लवंगेच्या जागी गंधराज लिंबाच्या सालीचा वास. हे लिंबू बंगालचं. पिळायच्या आधीच दरवळतं. मी एक घोट घेतला. मग दुसरा घेतला, पहिल्यावर विश्वास बसेना म्हणून.

आणि वाचकहो, माझं तोंड उतरलं. बिअर पुण्याइतकीच चांगली होती. खरं सांगायचं तर तसूभर जास्तच.

"क्या हुआ? खराब है?" तपनबाबूंनी विचारलं.

"नहीं," मी म्हणालो. "बहुत मुसीबत है."

मग मी त्यांना पैजेची सगळी कथा सांगितली. माझ्या मोडक्या हिंदीत, हातवारे करून, वृंदाचा आवाज काढून. तपनबाबू इतके हसले की मुरी त्यांच्या मिशांत अडकली. शेजारच्या टेबलावरच्यांनी खुर्च्या वळवल्या, त्यामुळे कथा पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागली. मौशुमीने तर फावडं बाजूला ठेवलं.

निघताना तिने भिंतीवरचा एक काळा फळा दाखवला. डिसेंबरात नोलेन गुड (खजुराच्या रसाचा नवा गूळ) आला की ती त्याची बिअर करते. एकच टाकी. ज्यांची नावं फळ्यावर, त्यांनाच मिळते. "आपका नाम लिखूँ?"

"मैं नहीं रहूँगा डिसेंबर में," मी म्हणालो. तिने खडू परत ठेवला.

घरी येऊन मी वृंदाला सांगितलं, "तीन झाले. पाणचट." चौथ्या शनिवारी पुन्हा तिथेच गेलो आणि घरी येऊन म्हणालो, "चार झाले. तू हरलीस." ती "बरं" म्हणाली आणि माळ्यावरचे रिकामे खोके काढायला लागली. मला वाटलं होतं, जिंकल्यावर छान वाटेल. पुढच्या शनिवारी 'बँकेत काम आहे' असं सांगून मी पुन्हा रवींद्र सरोवर गाठलं.

मग दुर्गापूजा आली आणि गेली. दसऱ्याला वृंदाने आपट्याऐवजी कांचनाची पानं आणून देवापुढे ठेवली, सोनं म्हणून. दोन दिवसांनी सकाळी दाराची घंटा वाजली. वृंदाने दार उघडलं. दारात लाल काठाची पांढरी साडी नेसलेली एक अनोळखी बाई मिठाईची हंडी घेऊन उभी होती. तिने गोड आवाजात विचारलं, "दादा आछेन (आहेत का)?"

मी पेपराआड गेलो.

बंगाल्यांची एक रीत मी साफ विसरलो होतो. देवीचं विसर्जन झालं की बिजोया करायला ओळखीच्यांच्या घरी जायचं. मोठ्यांच्या पाया पडायचं, पुरुषांनी एकमेकांना कोलाकुली (तीनदा गळाभेट) द्यायची, तोंड गोड करायचं. ओळख असली की पुरे, आमंत्रण लागत नाही. आणि गप्पांच्या भरात पत्ता मीच दिलेला होता, मजल्यासकट.

मौशुमीच्या मागून तपनबाबू आले. त्यांनी मला पेपरातून ओढून काढलं आणि डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे मिठी मारली. मग वृंदाकडे वळून हात जोडले. "शुभो बिजोया, बौदी (वहिनी)! आप ही वो बौदी? दादा आपका बहुत अच्छा नकल करता है. हर शनिवार!"

"हर शनिवार?" वृंदा म्हणाली.

"हर शनिवार. बोलता है, पूना से भी अच्छा बियर."

वृंदाने त्यांना पाणी दिलं, करंज्या दिल्या, दोघांच्या हातावर कांचनाचं पान ठेवून "सोनं घ्या" म्हणाली आणि त्याचा अर्थ बंगालीत समजावला. मला कुणी काही विचारलं नाही. पाहुणे गेल्यावर मी जमिनीकडे बघत म्हणालो, "वृंदा, मी खोटं बोललो."

"तिसऱ्या शनिवारीच कळलं मला. पाणचट बिअर पिऊन, छत्री मोडून आलेला माणूस बूट काढताना गुणगुणत होता."

"मग बोलली का नाहीस?"

"पैजेवर नवऱ्याला अडकवून राहायचं नव्हतं मला इथे. तुला जायचंच असेल तर जाऊ. पण का, ते खरं सांग."

तेव्हा कुठे मला ते सापडलं. पुण्यात मी बोलायला लागलो की लोक खुर्च्या जवळ ओढतात. इथे दीड वर्ष माझे विनोद हिंदीत लंगडत जात होते आणि समोरचा सभ्यपणे मान डोलवत होता. गप्पिष्ट माणसाचे श्रोते गेले की तो उरतो किती? हे बायकोला सांगायची लाज वाटली, म्हणून बिअरला पुढे केलं. गरीब बिचारी बिअर.

वृंदाने कांथा गुडघ्यावर ओढला. "नकल करून दाखव बघू माझी," ती म्हणाली. मी दाखवली. ती हसली नाही. म्हणाली, "आवाज एवढा पातळ नाही माझा."

त्या शनिवारी आम्ही दोघं गेलो. अर्ज माझ्या शर्टाच्या खिशात होता, भरलेला, फक्त सहीचा राहिलेला. वृंदाने गंधराजाच्या बिअरचा एक घोट घेतला आणि काढा प्यायल्यासारखा चेहरा केला. "ह्याच्यासाठी खोटं बोललास?" मग ग्लास माझ्याकडे सरकवला, मुरीची वाटी स्वतःकडे ओढली आणि तपनबाबूंना माझ्या पहिल्या स्वयंपाकाची हकिकत बंगालीत सांगायला लागली. मला निम्मीच कळली. टेबल मात्र माझ्या कुठल्याही कथेला हसलं नव्हतं इतकं हसलं. मीही हसलो, जरा उशिरा.

मौशुमी फळ्यापाशी खडू घेऊन उभी होती. "टंकी का आधा नाम हो गया, दादा," एवढंच म्हणाली.

वृंदा माझ्याकडे बघत नव्हती. मन लावून मुरीतले शेंगदाणे वेचत होती. मी उठलो, खडू घेतला आणि त्या बंगाली नावांच्या खाली देवनागरीत लिहिलं, मुकुंद.

"एकच?" मागून आवाज आला. "गुळाची आहे ना ती? मग मलाही लागेल."

परतीच्या मेट्रोत तिला जागा मिळाली, मी समोर दांडी धरून उभा राहिलो. पुण्याची आठवण येत होती, ती येणारच. पण ती आता नुसती आठवण होती, तक्रार नव्हती. डमडमला उतरताना वृंदाने माझ्या शर्टाच्या खिशातला अर्ज काढला, बोटांना लागलेला खडू त्याला पुसून घे म्हणाली, आणि मी पुसला.