लिंबाजीतात्या आणि मागची सीट

लिंबाजीतात्या गाडीभोवती एक फेरी मारल्याशिवाय सीटवर बसत नसत. टायर दाबून पाहायचे, दिवे पुसायचे. अख्ख्या शिरूर कासारला ही सवय ठाऊक होती. तीस वर्षं त्यांनी बस चालवली, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. निवृत्तीनंतर ऊसतोडीला निघालेले ट्रॅक्टर थांबवून ते ट्रॉलीला मागून चमकणाऱ्या पट्ट्या लावायला लावत. "पोटासाठी चाललात ना? मग आधी पोचा तर," म्हणत.

त्यांची बायको गयाबाई आमच्या बचत गटात होती. मी अंगणवाडीत शिकवते, गटाचं कामही बघते. दोन वर्षांपूर्वी तात्या तिला मोटारसायकलवर बसवून लेकीकडे निघाले. वेग बेताचाच होता. वाऱ्यानं पदर मागच्या चाकात गेला आणि गयाबाई ओढली जाऊन डांबरावर डोक्यावर पडली. हेल्मेट तात्यांच्या डोक्यावर होतं. घरात तेवढं एकच होतं. दवाखाना येण्याआधीच ती गेली.

चार महिने तात्या कुणाशी बोलले नाहीत. मग एक दिवस अंगणवाडीच्या दारात येऊन उभे राहिले. बायकांना काही सांगायचंय, म्हणाले.

गटाच्या बैठकीला त्यांनी तीच मोटारसायकल ढकलत आणली. मला मागं बसवलं, पदर कमरेला घट्ट खोचायला लावला, चाकाला जाळी कशाला हवी ते दाखवलं. शेवटी त्यांची म्हातारी शेजारीण सखूबाई हळूच म्हणाली, "मग गयाला हे काहून सांगितलं न्हाई तुमी?"

मला वाटलं, आता तात्या निघून जातील. पण ते चाकापाशी खाली बसले.

"मलाच ठाऊक न्हवतं, माय. सगळं येतंय म्हणून गावाला शिकवीत फिरलो. मागचं माणूस कसं बसलंय, ते बघायला कधी शिकलोच न्हाई."

त्यानंतर ते बसनं गावोगावच्या बैठकांना जाऊ लागले. दर वेळी आधी गयाबाईचं सांगायचे आणि पदराचं आलं की बायकांकडे पाठ करून बोलायचे. हे सांगायलाच हवं का, असं मी एकदा विचारलं.

"त्याबिगर कुणी पदर खोचत न्हाई," ते म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. मी भेटायला गेले, तेव्हा त्यांच्यात बोलायचीही ताकद नव्हती, तरी मला जवळ बोलावलं. खिडकीतून त्यांना स्कूटीवर कॉलेजला जाणाऱ्या पोरी दिसत.

"पोरींच्या ओढण्या लई उडत्यात, ताई. माझ्या ध्यानातच आलं न्हवतं. तेवढं तुमी सांगा."

तिसऱ्या दिवशी तात्या गेले. पुढच्या आठवड्यात मी कॉलेजच्या फाटकाशी उभी राहिले. ओढणीचं सगळं सांगून झालं. हे कुणी शिकवलं, असं एका पोरीनं विचारलं, तेव्हा मी आधी गयाबाईचं सांगितलं, मग तात्यांचं.