अर्ध्या मिनिटाच्या आवाजासाठी उमरखेडला

दोन पितळी गुंड पाणी भरून झालं होतं, अंगण झाडून झालं होतं, आणि मी तुरीच्या शेंगा सोलायला बसले तेव्हा ऊन ओसरीच्या दुसऱ्या पायरीवर आलं होतं. सोल्यांची भाजी करायची म्हटली की एका माणसासाठीही पुष्कळ शेंगा सोलाव्या लागतात. बोटं हिरवी झालेली. तेवढ्यात निर्मला आली. निर्मला म्हणजे माझी धाकटी जाऊ, घर आमच्या मागच्याच गल्लीत. तिचा फोन तिच्या हातात नसतो असं मी कधी पाहिलं नाही.

"ताई, हे पाहा. दादाच्या स्मृतिदिनाचं स्टेटस बनवून राह्यली. लोकं रडतीन."

माझे पती सुदामराव जाऊन चार दिवसांनी वर्ष होणार होतं. फोनमध्ये त्यांचा फोटो, भोवती मेणबत्त्यांची चौकट, खाली नाव, आणि मागे एक माणूस सिनेमात गातात तसा विव्हळत होता. प्रेयसी सोडून गेल्याचं गाणं होतं.

"हे कोन गाऊन राह्यलं?"

"ॲपातलं हाय. दुःख असं लिहिलं का अशी पन्नास गाणे येतेत."

"त्याईनं हे गाणं जन्मात आयकलं नसन."

"मंग दुसरं लावतो ना. बासरी लावू? बासरी सगळ्याइले चालते."

निर्मलाच्या हिशेबात मुकं स्टेटस म्हणजे बिनमिठाचं वरण. तिच्या वांग्याच्या भाजीलाही गाणं असतं. मी विचारलं, आपल्या घरचा आवाज लावता येतो का त्याला.

"येते ना. हाय का तुमच्यापाशी दादाचा आवाज?"

तेव्हा कळलं की नाही. फोनवर ते कामापुरतं बोलत आणि ठेवत. मुलाच्या, प्रशिकच्या, लग्नाची चार तासांची शूटिंग आहे, पण शूटिंगवाल्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी भरली आहेत. त्यात हे माईक घेऊन पाहुण्यांचे आभार मानताना दिसतात, ओठ हलतात, आणि वाजतं भलतंच. तीस वर्षं ज्या आवाजाने मला हाक मारली तो आवाज घरात कुठेच नव्हता. राहिली होती एक कॅसेट, तीही उमरखेडला.

हे रस्त्याच्या गँगवर मजूर होते. डांबर, खडी, खड्डे बुजवणं. आणि वीसेक वर्षं आमच्या गावच्या गायन पार्टीत होते. पुढे गाणारे किसनमास्तर, पेशाने टेलर. हे मागे कोरसमध्ये. जयंतीच्या दिवसांत गावोगाव कार्यक्रम व्हायचे, मी घरीच असायची, हे सकाळी घसा बसवून घरी यायचे. पार्टी मोडली, मास्तर लेकीकडे उमरखेडला राहायला गेले. त्यांच्या एका कार्यक्रमाची कॅसेट होती हे मला माहीत होतं. मी शेंगा तशाच ठेवल्या आणि मास्तरांच्या लेकीला, वैशालीला, फोन लावला. ती म्हणाली, कॅसेट आहे, बाबा अजून वाजवतात, या.

दुसऱ्या दिवशी निघाले.

ज्यांना हा रस्ता करायचा आहे त्यांच्यासाठी सांगते. आमच्या गावाहून, बोरी अरबहून, थेट उमरखेडची गाडी मिळेल या भरवशावर राहू नका. दारव्हा, दिग्रस, पुसद असे तुकडे करत जावं. सकाळी सातच्या आत निघालात तर जेवणाच्या वेळेला पोचता. आम्हा बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे सगळे तुकडे मिळूनही सव्वाशेच्या आत काम होतं. पाणी घरचं घ्या. दिग्रसच्या स्टँडवर गरम आलूबोंडा रश्श्यासोबत मिळतो, पण रस्सा मागताना "कमी तिखट" म्हणा, आणि तरी रुमाल हाताशी ठेवा.

दारव्ह्यापर्यंत कापसाच्या गाड्यांच्या मागे मागे गेलो. दोन्ही बाजूंना तूर उभी, मध्येमध्ये वेचणीला आलेल्या बायका. मी पुस्तक नेलं होतं. मी सातवीपर्यंत शिकले, त्यापुढचं गावच्या वाचनालयातून एकेक पुस्तक आणून शिकले, आणि प्रवासात पुस्तक नसलं तर मला हात कुठे ठेवावे कळत नाही. पण वाचन झालं नाही. मी सवयीने कडेच्या सीटवर बसले होते. खिडकीपाशी हे बसत, रस्ता बघायला. "इथं डांबर कमी, खडी जास्त," असं गावागावाला सांगत. खिडकीची जागा दारव्ह्यापर्यंत रिकामी राहिली आणि मी सरकले नाही.

दिग्रसला दोघी जणी चढल्या, सासू-सून. आपसात गोरबोलीत, म्हणजे बंजारा भाषेत बोलत, माझ्याशी मराठीत. पुसदच्या अलीकडे डोंगर लागले तशी सून खिडकीतून व्हिडिओ घेऊ लागली. सासू म्हणाली, "गाणं लाव ना त्याले, मुकं काय पाठवतं?"

"लावतो ना मा. गाडीचा आवाज खतम करू द्या पहिले."

सासू माझ्याकडे वळली. "एकल्याच हाय का बाई?"

"हो."

"मालक?"

"वर्ष होते आता."

तिने पिशवीतून मूठभर बोरं काढली आणि माझ्या ओंजळीत ठेवली. पुसद येईपर्यंत आम्ही बोरं खाल्ली आणि बिया खिडकीबाहेर टाकल्या. वर्षभरात माझ्याशेजारी बसून कुणी काही खाल्लं नव्हतं, हे मला तेव्हा मोजल्यासारखं जाणवलं.

पुसदहून उमरखेडचा रस्ता वळणांचा आहे, ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढे बसावं. साग, मग उघडे डोंगर, मग ऊस दिसू लागला. पैनगंगेपलीकडे मराठवाडा. उमरखेडच्या स्टँडवर उतरलं की कानाला फरक कळतो, आपलं "मले" इथे "मला" होऊ लागतं. बाजारपेठ मोठी आहे, कपड्यांची दुकानं चांगली आहेत. मुक्काम करायचा तर उजेडाची खोली बघून घ्यावी. मला ती गरज नव्हती, वैशाली स्टँडवर घ्यायला आली होती.

किसनमास्तर खाटेवर बसून होते. दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून आवाज फाटका, खरखरीत. एके काळी या माणसाच्या आवाजाने मंडप दणाणायचा.

"ये वं वहिनी. सुदाम गेला अन् तू एकली फिरून राह्यली म्हनते. चांगलं हाय. फिर."

"तुमचीच कॅसेट आयकाले आली मास्तर."

"माही? अन् मले वाटलं मले पाहाले आली."

जेवण झालं. वैशालीने ज्वारीची भाकर आणि मेथीची भाजी केली होती. मग तिने पंखा बंद केला, खिडकी लावली, कुकर गॅसवरून उतरवला. माझा फोन उशीवर ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं. मास्तरांनी टेपचं बटण दाबलं.

पोरीला शाळेत घाला अशा अर्थाचं, मास्तरांनीच रचलेलं गाणं. हार्मोनियम, ढोलक, आणि वरून मास्तरांचा तो जुना आवाज. मास्तर स्वतःचा आवाज ऐकताना डोळे मिटून बसले होते. मी कोरस आला की कान द्यायची. पाच-सहा आवाज एकत्र. त्यातला एकही त्यांचा वाटेना. गाणं संपलं.

"मास्तर, यात हे कोनते?"

"सुदाम? तो कुठी गाये?"

"कोरसमधी होते ना?"

"कोरसमधी बसे. टाळी दे. गाऊ नाई देत होतो आमी त्याले, सुरात नव्हता लेक."

मला राग आला. खरं सांगते, भाकर खाल्लेल्या घरात राग आला. मी म्हटलं, ते घसा बसवून घरी येत होते.

"वाहवा वाहवा वरडून बसे घसा. आमचं अर्धं पब्लिक तं तोच होता." मास्तर हसायला गेले आणि खोकले. पाणी प्याले. "अन् टाळीबी उशिरा दे. सगळ्याइची पडली का मंग याची. लई सांगतलं. शेवटी माईकपासून दूर, कडंले बसवलतं."

"मंग ठेवलं काहून पार्टीत?"

मास्तरांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"वहिनी, एक डाव मारेगावकडं लाईन गेली. माईक बंद, अंधारात हजार मानूस. पब्लिक उठाले लागलं. सुदामनं टाळी धरली. रस्त्याच्या कामाचे हात, कुदळीचे. माईक नाई, काही नाई, शेवटल्या मानसापर्यंत ठोका जाये. पब्लिक बसलं. लाईन येईलोक मी त्याच्या टाळीवर गायलो. त्याच्या मागं मागं, उशिरा." मग म्हणाले, "वैशाली, पुन्हा लाव. आता मी बोट उचलतो, तवा आयक."

वैशालीने टेप मागे नेली. मी पुन्हा फोन सुरू केला. कोरस आला, टाळ्या पडल्या, आणि त्यानंतर, अगदी लगेच पण नंतर, मास्तरांचं बोट वर उठलं. ऐकू आली. जाड, कोरडी, एकटी. पुन्हा टाळ्या, पुन्हा बोट. चौथ्या वेळी मास्तरांनी बोट उचललं नाही, तरी मला कळली.

हे घरी दार वाजवायचे तसंच होतं ते. मी वैशालीसमोर रडले नाही. फोन बंद करून पदराने पुसला, जणू तो ओला झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना मास्तर म्हणाले, "ते मोबाईलवर टाकशीन तं लोकाले वाटन सुदामच गाऊन राह्यला."

"मी लिहीन तुमचं नाव."

"कायले? वाटू दे. आता या गळ्याचं मी काय करतो. त्याले घेऊ दे."

परतीचा प्रवास आला तसाच. पुसदला गाडी तासभर उशिरा होती, तेव्हा परतताना दुपारची वेळ धरून चालू नका. मी कानाशी फोन धरून ती अर्ध्या मिनिटाची जागा किती वेळा ऐकली ते सांगत नाही. दारव्ह्याला बॅटरी संपली.

त्या संध्याकाळी निर्मलाने माझा फोन घेतला. "अर्धाच मिनिट बसते स्टेटसात," म्हणाली, आणि चांगला तुकडा कापला. मी चुलीपाशी होते. ती हाक मारून म्हणाली, "ताई, मांगं लई खडखड होती. मशिनीनं साफ केली. आता आवाज कसा काचेवानी झाला पाहा."

ऐकलं. मास्तरांचा आवाज खरोखर स्वच्छ झाला होता. ढोलक पुसट झाली होती. टाळ्या नव्हत्या.

मी म्हणणार होते. पण तिचे डोळे भरले होते. "दादा असे गात होते," ती म्हणाली. "मी लग्न होऊन आली तवा पार्टी मोडलती. मी कधी आयकलंच नाई." मी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. एवढं दूर जाऊन मी जे आणलं होतं तेच माझ्या गप्प राहण्याने गेलं.

स्मृतिदिनाच्या सकाळी विहारात बौद्धाचार्यांनी वंदना घेतली, मग घरी जेवणं झाली. तोवर ते स्टेटस सगळ्या नात्यात फिरलं होतं. माझे दीर भाजी वाढता वाढता सांगत होते, "आमचा दादा गायक होता." वर्षभर ज्यांनी फोन केला नव्हता त्यांचे फोन आले. सगळ्यांनी आवाजाचं कौतुक केलं. चांगला आवाज होता, खोटं नाही. एका भाचीने विचारलं, मामाच आहेत ना हे, आणि मी "हो" म्हटलं.

दुपारी पुण्याहून प्रशिकचा फोन. त्याला सुट्टी मिळाली नव्हती. त्याने आधी जेवणाला कोण कोण आलं ते विचारलं. मग म्हणाला, "आई, बाबा एवढं छान गात होते. मला कधी गाऊन नाही दाखवलं. माझ्यावर नाराज होते का ते?"

"नाही रे," एवढंच मी म्हटलं. भांडी घासायची होती, घरात माणसं होती, अशी कारणं मला लगेच सापडली.

माणसं गेली. चटया गुंडाळल्या. काय राहिलं माझ्याजवळ या प्रवासाचं, ते बसून पाहिलं. बोरांची चव राहिली तोंडात थोडी. मारेगावच्या अंधाराची गोष्ट राहिली, जी त्यांनी मला कधी सांगितली नाही, बहुतेक त्यांना ती सांगण्यासारखी वाटली नसेल. आणि फोनमध्ये ते न साफ केलेलं रेकॉर्डिंग होतं, ज्यात ते कुठे आहेत हे मास्तर, वैशाली आणि मी, तिघांनाच माहीत होतं. बाकी सगळ्यांनी त्यांना छान गळा देऊन टाकला होता. ज्या माणसाबरोबर मी राहिले तो त्या गळ्यात नव्हता. माझ्या "हो"ने तो आणखी लांब गेला होता, आणि माझा मुलगा पुण्यात बसून, बापाने कधीच न गायलेलं गाणं आपल्याला का ऐकवलं नाही, याचा विचार करत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निर्मलाकडे गेले आणि तिच्याकडून स्टेटस काढायला शिकले. ते काढलं. साफ न केलेला तुकडा लावला, फोटोखाली लिहिलं, "गाणारे किसनमास्तर. सुदामराव टाळी देत." मग प्रशिकला फोन लावून सांगितलं, की तुझ्या बाबांना गाता येत नव्हतं, ते टाळी द्यायचे, आणि सगळ्यांच्या नंतर जी पडते ती त्यांची.