भोंगा मी फिरवायचो

आज माझा नुसता जळफळाट झालाय, स्पष्टच सांगतो.

बाहत्तरच्या दुष्काळात काष्टीत आमचा रॉक बँड होता. सुधाकर गिटार वाजवायचा. मी शिडीवर चढून लाउडस्पीकरचा भोंगा गरागरा फिरवायचो, म्हणून आवाज घुमायचा.

तेव्हाच्या आमच्या गाण्यांच्या जुन्या टेपवर फिदा झालेली पुण्याची पोरं आज आली. त्या घुमण्याला ती सायकेडेलिक, म्हणजे डोकं गरगरवणारं, म्हणतात.

"हा आवाज कसा काढलात, सर?" त्यांनी सुधाकरला विचारलं.

"आपल्या बोटातच हाय ते!"

वर ती पोरं मलाच म्हणाली, "आजोबा, आमचा सरांबरोबर फोटो काढा ना." मी मुद्दाम मोबाईल गरकन फिरवला. फोटो पार विस्कटला.

पोरांनी तोच फेसबुकवर टाकला, आणि आता त्या फोटोखाली जो तो लिहितोय, "काय सायकेडेलिक! सुधाकर सरांची जादू!"

सांगा मंडळी, आता काय फिरवू?