ठमाबाईच्या गळ्यातली सवत

रेवसजवळच्या मिठागरात ठमाबाईने चाळीस वर्षं मीठ ओढलं आणि तेवढीच वर्षं गळ्यात सवत वागवली. अंबाजीची पहिली बायको जनी बाळंतपणात गेली. ठमाबाई दुसरेपणाची, म्हणून लग्नातच जनीचा टाक, चांदीच्या पत्र्यावर उठवलेली तिची मूर्त, हिच्या गळ्यात बांधला. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. पहिला घास जनीचा. जनीचा दिनानाथ तिने पोटच्यासारखा वाढवला.

एकतीस साली अंबाजी गेला आणि मागोमाग ठमाबाईचं अर्धं अंग गेलं. दिनानाथची बायको सगुणा तिचं सगळं करायची, पण ओलं फडकं असं फिरवायची की खरकटी भांडीही कुणी इतक्या रागाने घासत नाही. एका सकाळी पुसता पुसता तिने टाकाचा दोरा कापला. "मधी मधी येतंय," म्हणाली.

मरणाला ठमाबाई भीत नव्हती. पण वर जनी भेटली आणि "मला कुठे टाकून आलीस?" म्हणाली तर?

"दे गो सगुणा, मरताना तरी गल्यान असूंदे."

"गप पडलीस तर देईन."

ठमाबाई गप पडली. घशाला कोरड पडली तरी गप, पाठ सोलवटली तरी गप. शेजारणी म्हणाल्या, म्हातारी किती शहाण्यासारखी वागते! महिन्याने तिने बऱ्या हाताने मोकळा गळा दाखवला. सगुणाने पाऊल पुढे केलं. बोटांत नवी जोडवी होती.

"ही बघ तुजी सवत. सोनारानं आटवली."

दिनानाथ दारातच उभा होता. टाक त्याच्या सख्ख्या आईचा. "मेलेल्या माणसाला चांदी कशाला?" मेला एवढंच बोलला.

त्या दिवसापासून ठमाबाई तोंडाशी आलेला पहिला घास काढून सगुणाच्या जोडव्यांवर ठेवू लागली. सगुणा तो लाथेने उडवायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अन्न सांडतेस? मंग खाऊच नको," आणि ताट बंद झालं.

त्यानंतर पाचव्या दिवशी सगुणा केर काढत जवळून गेली. ठमाबाईने सरपटत तिचा पाय धरला, जोडव्यांवर कपाळ टेकवलं. "जने, माजा गुन्हा न्हाय गो." तेवढंच बोलली आणि गेली.

सगुणाने म्हातारीची बोटं सोडवली, डोळ्यांना पदर लावला आणि बाहेर येऊन बायकांना सांगितलं, "माज्या पाया पडून गेली हो!" अशी सून सगळ्यांना मिळो, असं बायका म्हणाल्या. ठमाबाईला मोकळ्या गळ्यानेच सरणावर ठेवलं.