दाजींची जीभ

दाजींचं चष्म्याचं दुकान बोळाच्या तोंडाशीच होतं. खरं तर दाजी ते एकट्या मेहुण्याचे, पण त्याच्या तोंडून ऐकून ऐकून सगळा बोळच त्यांना दाजी म्हणायला लागला होता. माणूस तसा शांत. चीड एकाच गोष्टीची, तक्ता पाठ करून येणाऱ्यांची. बाकावर बसून भिंतीवरच्या तक्त्याची अक्षरं घोकायची आणि खुर्चीत बसवलं की घडाघडा म्हणून दाखवायची. एका बसचालकाने तर कमालच केली. दाजींनी गुपचूप तक्ता बदलला, तरी गड्याने जुन्याच तक्त्यावरची अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, आणि वर विचारलं, चुकलं का काही?

"दिसत नाही यात लाज कसली?" दाजी म्हणाले. "दिसतं म्हणून सांगण्यात आहे." मग त्याला चांगली जाड भिंगं बसवून दिली.

सुट्टीच्या दिवशी दाजी टोपली घेऊन चिडाच्या, म्हणजे पाइनच्या, जंगलात जात. पाऊस उघडला की तिथे झाडांच्या मुळाशी एक जाडजूड अळंबी येते. तपकिरी टोपी, पोट सुटलेला दांडा, आणि टोपीखाली पापुद्र्यांऐवजी स्पंजासारखी बारीक भोकं. पुस्तकात हिला बोलीट म्हणतात. भोकं लाल दिसली की दाजी हातही लावत नसत. पांढरट असली की खाली बसून दांडा बघत. चांगल्या अळंबीच्या दांड्यावर पांढरी जाळी असते, तिच्या कडू बहिणीच्या दांड्यावर काळपट. वय झालं की कडूची भोकं गुलाबी पडतात, म्हणजे प्रश्नच मिटला. पण कोवळेपणी जाळीही फसवते, दोघी अगदी जुळ्या. तिथे डोळे उपयोगाचे नाहीत. नखाएवढा तुकडा जिभेच्या टोकावर ठेवायचा, आणि थुंकायचा. कडू असते ती विषारी नव्हे, पण एक जरी पातेल्यात पडली तरी सगळं पातेलं वाया जातं. दाजींच्या हातून आजवर एकही पडली नव्हती. दरवर्षी मेहुणा जेवायला येई, बोटं चाटी आणि दाजींच्या जिभेचं कौतुक सगळ्या बोळभर सांगत फिरे. दाजी वरवर नको नको म्हणत. आतून त्यांना ते फार हवं असे.

यंदा उन्हाळ्यात त्यांना ताप आला. ताप गेला, पण जाताना तोंडातला कडूपणा घेऊन गेला. खारट, गोड, आंबट सगळं जागेवर होतं, कडू तेवढं कळेना. दाजींनी मूग गिळले. जीभ गेली हे कळलं तर त्यांच्या टोपलीतलं कोण खाणार? मग ते जंगलात जाणं म्हणजे नुसतं पाय मोकळे करणं. हा विचार त्यांना सहन होईना. बायकोसमोर तापाची उरलेली कडू गोळी चघळून खाल्ली हे मात्र त्यांच्या लक्षातही आलं नाही. बायकोच्या आलं.

हंगामाची पहिली टोपली त्यांनी डोळ्यांच्या भरवशावर भरली. बायकोने कांद्यावर परतून वाढली. दाजींना झकास लागली. त्यांनी पुन्हा मागून घेतली. बायकोने आपली वाटी संपवली, पाणी प्यायली, आणि आणखी पाणी प्यायली. दाजींना वाटलं, चला, जमलं.

पुढच्या सुट्टीला मेहुणा जेवायला यायचा होता. सकाळी दाजी टोपली घेऊन निघाले तर बायको चपला घालून दारात. ती कधी जंगलात यायची नाही, गुडघे दुखतात म्हणायची. आज गुडघे बरे आहेत म्हणाली.

पहिली कोवळी अळंबी सापडली तशी दाजींनी नेहमीसारखा तुकडा मोडला, जिभेवर ठेवला, डोळे मिटले, थुंकले. बरी आहे म्हणाले. बायकोने त्यांच्या हातातून अळंबी घेतली, तुकडा मोडला, जिभेवर ठेवला आणि असं तोंड वाकडं केलं की काही विचारायची गरजच राहिली नाही.

"कडूजहर," ती म्हणाली. "गेल्या वेळचीही अशीच होती."

"मग खाल्लीस कशाला?"

"तुम्ही पुन्हा मागून घेतलीत. एवढे खूश होतात." ती तोंड पुसत म्हणाली, "तक्ता पाठ करून बसला होतात ना, अहो?"

दाजींना जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं वाटलं. जमिनीने तसं काही केलं नाही. त्यांनी झाडाखालून आणखी एक काढली, दांड्यावरची जाळी बघितली, दोन्हींचे तुकडे मोडून बायकोपुढे धरले आणि दुकानात गिऱ्हाइकाला विचारतात त्याच आवाजात विचारलं,

"पहिली बरी, की दुसरी?"

दुसरी बरी होती. मग दुपारपर्यंत दाजी बघत गेले, बायको थुंकत गेली. टोपली निम्मीच भरली.

संध्याकाळी मेहुण्याने पहिला घास घेतला आणि दरवर्षीचं सुरू केलं, की दाजी, तुमच्या जिभेला तोड नाही. बायको खाली मान घालून जेवत होती. ती काही बोलणार नव्हती. दाजींनी हातातला घास ताटात ठेवला.

"माझी जीभ गेली," ते म्हणाले. "ही तुझ्या बहिणीची."

मेहुण्याने ताटाकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं, आणि जरा घाबरूनच विचारलं, "कधीपासून?"

"आजपासून," बायको म्हणाली, आणि दाजींना आणखी वाढलं.